कुटुंबासाठी श्रेष्ठ ॲनिमेशनपट कोणता? याद्या, वाद आणि निवडीचा विवेक

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रांचा आपला पहिला जाहीर खेळ केला. त्या घटनेस शंभर वर्षे पूर्ण होत असताना, १९९५ साली, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमविषयक परिषदेने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते व प्रत्येक विभागात १५ चित्रपट होते. 'बेन हर' आणि 'द मिशन' यांना धर्म विभागात, तर 'गांधी' आणि 'शिंडलर्स लिस्ट' यांना मूल्ये विभागात स्थान मिळाले. या ४५ चित्रपटांत ॲनिमेशनपट मात्र एकच होता: वॉल्ट डिस्नी यांच्या स्टुडिओचा १९४० सालचा 'फँटेशिया'. तोही मूल्ये विभागात नव्हता. त्याची गणना कला विभागात झाली.

ही निवड अनेकांना बुचकळ्यात टाकते. सदसद्विवेकबुद्धीची गोष्ट सांगणारा 'पिनोकियो' त्याच वर्षी प्रदर्शित झाला होता. मातृवियोगाची कथा सांगणारा 'बॅम्बी' दोन वर्षांनी आला. मुलांवर मूल्यसंस्कार करणारे म्हणून हेच चित्रपट पालकांना प्रथम आठवतात. मग त्यांना वगळून सलग कथानकही नसलेला 'फँटेशिया' का निवडला गेला असावा? या प्रश्नाचा मागोवा घेतला, तर चित्रपटांच्या क्रमवाऱ्या कशा तयार होतात आणि कुटुंबाने त्यांचा उपयोग कसा करावा, हे समजण्यास मदत होते.

यादी कोण करतो, यावर उत्तर अवलंबून

व्हॅटिकनच्या यादीत पहिला, दुसरा असा क्रम नव्हता. क्रमवारीची हौस भागवली ती इतर संस्थांनी. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८ साली अमेरिकेतील शंभर श्रेष्ठ चित्रपट जाहीर केले, तेव्हा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' ४९ व्या आणि 'फँटेशिया' ५८ व्या स्थानी होता. याच संस्थेने २००७ साली पुन्हा यादी केली. 'स्नो व्हाइट' ३४ व्या स्थानावर चढला, 'टॉय स्टोरी' ९९ व्या स्थानी नव्याने आला आणि 'फँटेशिया' यादीतून पूर्णपणे बाहेर गेला. नऊ वर्षांत या चित्रपटांतील एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती मत देणाऱ्यांची दृष्टी.

पुढच्याच वर्षी, २००८ साली, या संस्थेने केवळ ॲनिमेशनपटांची दहा नावे जाहीर केली: स्नो व्हाइट, पिनोकियो, बॅम्बी, द लायन किंग, फँटेशिया, टॉय स्टोरी, ब्युटी अँड द बीस्ट, श्रेक, सिंड्रेला आणि फाइंडिंग नीमो. शंभरांतून गळलेला 'फँटेशिया' येथे पाचवा आला. दहापैकी सात चित्रपट एकट्या डिस्नी स्टुडिओचे आहेत. ही संस्था केवळ अमेरिकन चित्रपटांचा विचार करते, त्यामुळे जपानच्या हायाओ मियाझाकी यांचे नाव त्यात येणे शक्यच नव्हते. याउलट ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२ साली जगभरातील समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा पहिल्या शंभरांत मियाझाकी यांचे 'माय नेबर तोतोरो' आणि 'स्पिरिटेड अवे' अनुक्रमे ७२ व्या व ७५ व्या स्थानी होते. सारांश, प्रत्येक यादी एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न न पाहता केवळ उत्तर घरी आणले, तर ते आपल्या मुलांच्या उपयोगाचे असेलच असे नाही.

'अभिजात' हा शब्द कसा घडला

डिस्नी स्टुडिओच्या या वर्चस्वामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण श्रमांचे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. 'स्नो व्हाइट' ८३ मिनिटांचा आहे. म्हणजे सुमारे १ लाख २० हजार चौकटी झाल्या. एक चित्र पुष्कळदा दोन चौकटींसाठी वापरले जाई, तरी एकाच दृश्यात अनेक पात्रे असल्याने चित्रांची संख्या प्रचंड होई. कलाकाराने पेन्सिलीने काढलेली रेषा पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवणे आणि मागील बाजूने रंग भरणे हे काम बहुतांशी स्त्रिया करीत. सुमारे १५ लाख डॉलर खर्चाचा हा उद्योग बुडणार, या समजुतीने हॉलिवूडमध्ये त्याची 'डिस्नीचा वेडेपणा' अशी टिंगल झाली होती. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे चित्रपट झळकला आणि टिंगल थांबली. मात्र त्याला जगातील पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणणे योग्य नाही. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी कागदी छायाकृतींतून साकारलेला 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद' १९२६ सालीच प्रदर्शित झाला होता आणि तो आजही पाहावयास मिळतो.

दुसरे कारण पुनर्प्रदर्शनाचे. 'पिनोकियो', 'फँटेशिया' आणि 'बॅम्बी' हे तिन्ही चित्रपट पहिल्या फेरीत तोट्यात गेले. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. स्टुडिओने पुढे हे चित्रपट काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा चित्रपटगृहांत आणले. 'स्नो व्हाइट' १९४४, १९५२, १९५८ अशा क्रमाने परतत राहिला. लहानपणी तो पाहिलेली पिढी पालक होऊन आपल्या मुलांना घेऊन आली. अशा रीतीने काही चित्रपट कुटुंबाच्या वारशाचा भाग झाले. ज्यांना असे पुनर्प्रदर्शन लाभले नाही, ते गुणवान असूनही विस्मृतीत गेले. आपण ज्याला अभिजात म्हणतो त्यात गुणवत्तेचा वाटा मोठा आहे, परंतु परिचयाचा वाटाही लहान नाही.

पहिला वाद: स्नो व्हाइट की पिनोकियो?

'स्नो व्हाइट'ने वाट घालून दिली, म्हणून तिला अग्रस्थान, असा एक पक्ष आहे. अकादमीने वॉल्ट डिस्नी यांना १९३९ साली एक मोठी आणि सात लहान अशा मूर्तींचे विशेष पारितोषिक देऊन या कार्याचा गौरव केला. तथापि कथेच्या दृष्टीने पाहिले, तर नायिकेला स्वतः फारसे काही ठरवावे लागत नाही. ती चांगलीच आहे आणि शेवटपर्यंत चांगलीच राहते.

पिनोकियोचे तसे नाही. इटालियन लेखक कार्लो कोलोडी यांची ही कथा १८८१ ते १८८३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. मूळ कथेत उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याला लाकडी बाहुला हातोडी फेकून मारतो. चित्रपटाने त्याच रातकिड्याला सदसद्विवेकबुद्धीचे काम दिले आणि संपूर्ण कथेचा कणा बदलला. पिनोकियो चुकतो, खोटे बोलतो, शाळा चुकवतो आणि प्रत्येक वेळी त्याला निवड करावी लागते. मौजेच्या बेटावर नेलेली मुले गाढवे होतात, हा प्रसंग ॲनिमेशनच्या इतिहासातील अत्यंत भयप्रद प्रसंगांपैकी एक आहे. त्याचा मित्र लॅम्पविक गाढव होता होता आईला हाक मारतो. त्या मुलांची सुटका झाल्याचे चित्रपट कोठेही दाखवीत नाही आणि त्यांना पळवणाऱ्या गाडीवानाला शिक्षाही होत नाही.

अनेक पालकांचा आक्षेप नेमका येथे आहे: हे मुलांना दाखवावे काय? आक्षेप गंभीर आहे. चार वर्षांच्या बालकाला हा प्रसंग दाखवू नये, हे मान्य करावे लागेल. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाईट संगत प्रथम गोड लागते आणि तिची किंमत नंतर कळते, हे सत्य याहून प्रामाणिकपणे सांगणारा ॲनिमेशनपट विरळा. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते कुटुंबाच्या यादीत पहिला मान 'पिनोकियो'चा.

दुसरा वाद: बॅम्बी की लायन किंग?

दोन्ही चित्रपटांत पिल्लाच्या डोळ्यांदेखत संसार उद्ध्वस्त होतो. १९४२ सालच्या 'बॅम्बी'मध्ये आईचा मृत्यू दाखवलेलाच नाही. गोळीचा आवाज येतो, बर्फ पडत राहतो आणि पाडस आईला हाका मारीत फिरते. मारणारा माणूस संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. तरीही अमेरिकेतील एका शिकारविषयक नियतकालिकाच्या संपादकाने तेव्हा हा शिकाऱ्यांचा अपमान असल्याची तक्रार केली होती.

१९९४ सालच्या 'द लायन किंग'मध्ये मात्र सिंबा पित्याच्या निष्प्राण देहाला बिलगतो आणि त्याचा काका स्कार त्याला पटवून देतो की हा मृत्यू तुझ्यामुळेच झाला. खोट्या अपराधभावाखाली मूल घर सोडून पळते. घरात दुःखद घटना घडली की लहान मुले पुष्कळदा मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतात आणि ते कोणास सांगत नाहीत. त्यांच्याशी या विषयावर बोलण्यास 'लायन किंग' अधिक उपयोगी आहे. 'बॅम्बी' मात्र शोकाला शब्द न देता त्याची शांतता जपतो. कलेच्या निकषावर 'बॅम्बी' वरचढ, संवादाच्या निकषावर 'लायन किंग', असा निवाडा योग्य ठरेल.

बॅम्बीचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. डिस्नी स्टुडिओत 'स्नो व्हाइट' व 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स यांचा जन्म भारतात, मिशनरी कुटुंबात झाला होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशनचे प्रशिक्षण देण्यासाठी आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली 'द बनियन डिअर' हा लघुपट तयार झाला. त्यांच्या हाताखाली शिकलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे पितामह मानले गेले. हा लघुपट जातककथेवर आधारलेला आहे: गाभण हरिणीऐवजी हरणांचा राजा स्वतःचे प्राण देऊ करतो आणि ते पाहून शिकारी राजाचे हृदयपरिवर्तन होते. बॅम्बीच्या अरण्यात माणूस केवळ भय बनून येतो. येथे त्यालाच पश्चात्तापाची संधी मिळते. हे दोन चित्रपट एकापाठोपाठ दाखवून मुलांना बोलते करण्यासारखे आहे.

जपानचे उत्तर

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये स्टुडिओ घिबलीचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले: मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. दुसरा चित्रपट १९४५ च्या कोबे शहरावरील बॉम्बवर्षावात अनाथ झालेल्या भावंडांची कहाणी सांगतो. तो मोठ्या मुलांनी, तोही पालकांसमवेत पाहावा. 'तोतोरो'मध्ये कोणी खलनायकच नाही. आई रुग्णालयात आहे, ती परत येईल ना, एवढीच दोन बहिणींची चिंता. लहान मुलाचे भय खरे मानून त्याला धीर कसा द्यावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

पुन्हा फँटेशियाकडे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. व्हॅटिकनच्या यादीचा कला विभाग 'माध्यमाची शक्ती कोठे दिसते' असे विचारीत होता. या निकषावर 'फँटेशिया' अजोड आहे. लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखालील वाद्यवृंदाचे संगीत येथे आधी आणि चित्र नंतर येते. अखेरच्या भागात पर्वतावर पिशाच्चांचा नंगानाच चालतो, पहाटेचा घंटानाद होताच अंधाराचा अधिपती मागे हटतो आणि शुबर्टच्या 'आवे मारिया'च्या सुरांत दिवे घेतलेल्या यात्रेकरूंची मिरवणूक वनातून पुढे सरकते. एकही उपदेशपर वाक्य न उच्चारता केलेले हे दर्शन आहे. मात्र दोन तासांचा हा चित्रपट लहान मुलांना एका बैठकीत पेलवणार नाही. त्याचे भाग स्वतंत्र आहेत, ते एकेक करून दाखवावेत. जुन्या चित्रपटांत काही दोषही आहेत: 'फँटेशिया'तील वर्णभेदी चित्रण १९६९ साली वगळण्यात आले, आणि 'डम्बो' व 'पीटर पॅन' यांच्या आरंभी डिस्नी प्लसने २०२० साली तशा चित्रणाविषयीची सूचना अधिक स्पष्ट केली. अशा प्रसंगी मुलांना 'हे चूक का?' असे विचारणे हाही संस्कारच होय.

कुटुंबाची यादी

वाचकहो, क्रमवारी लावण्यात गैर काही नाही. तिच्यामुळे आपण निवडीचे कारण सांगण्यास बांधील होतो. घरी यादी करताना तीन प्रश्न उपयोगी पडतील. एक, या चित्रपटातील पात्राला खरी निवड करावी लागते काय? दोन, दुःख आणि भय यांविषयी चित्रपट मुलांशी खरे बोलतो काय? तीन, तो दुसऱ्यांदा पाहताना मोठ्यांनाही काही नवे गवसते काय?

या तीन कसोट्यांवर लेखकाचा क्रम असा: पिनोकियो, माय नेबर तोतोरो, बॅम्बी, मत्सरावर मात करणाऱ्या खेळण्यांचा 'टॉय स्टोरी' आणि पाचवा 'लायन किंग'. 'स्नो व्हाइट' सहावी. दाखवण्याचा क्रम मात्र वेगळा असावा: सर्वात लहान मुलांसाठी 'तोतोरो', त्यानंतर 'टॉय स्टोरी', आणि 'पिनोकियो' व 'बॅम्बी' जाणत्या वयात.

आज मूल मोबाइलच्या पडद्यावर एकटेच चित्रपट पाहते, आणि पुढे काय पाहायचे ते यंत्र सुचवते. मृत्यू, अपराध आणि क्षमा यांची पहिली ओळख त्याला अशा एकांतात होऊ नये, यासाठी शेजारी कोणीतरी बसलेले असणे आवश्यक आहे. तेव्हा ही क्रमवारी जरूर खोडून काढावी, स्वतःची मांडावी, आणि मुलांचा क्रम वेगळा आला तर त्यांची कारणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावीत.