छडीखालचा हात
(मनाचे आतले मजले : लेखांक ११)

मागच्या आठवड्यात आपण अंग सैल सोडायला शिकलो. मुठी आवळायच्या, सोडायच्या. खांदे कानांपर्यंत उचलायचे, सोडायचे. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली पुस्तकात मांडलेली ही पद्धत. आपल्याकडच्या शवासनाशी तिचं जवळचं नातं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला होता. म्हणजे निवांत पडून राहणं हा आळशीपणा नाही, एवढं घरच्यांना सांगायला हरकत नाही.

पण अंग सैल झाल्यावर करायचं काय? आज तिथून पुढे.

एक काल्पनिक गृहस्थ घेऊ. वय शेहेचाळीस, सहकारी बँकेत अधिकारी. हिशेबाला पक्के. बैठकीत साहेबांनी जरा आवाज चढवला की यांचे तळवे घामेजतात, तोंडाला कोरड पडते, आणि समोर आकडे असूनही उत्तर सुचत नाही. घरी आल्यावर स्वतःवरच चिडचिड. साहेब फार कडक आहेत असंही नाही. बाकीचे त्यांना हसत हसत उत्तर देतात. समुपदेशकानं विचारलं, ‘अंगाला असं झालेलं सगळ्यात जुनं कधीचं आठवतं?’ तेव्हा उत्तर लगेच आलं : चौथीचा वर्ग, एकोणिसाचा पाढा, आणि गुरुजींसमोर पुढे केलेला हात.

बैठकीत साहेबांसमोर बसलेला असतो तो हा चौथीतला मुलगा. ही कल्पना अनेकांनी आपापल्या परीनं मांडली. फ्रॉइडशी फारकत झाल्यानंतरच्या वाईट काळात कार्ल युंग जेवण झालं की सरोवराकाठी दगड गोळा करून लहान मुलासारखी घरं बांधत बसायचे, कारण दहा-अकराव्या वर्षी त्यांना तोच नाद होता. एरिक बर्न यांनी प्रत्येकाच्या आत पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था नांदतात असं सांगितलं. अमेरिकी बालमनोविकारतज्ज्ञ ह्यू मिसिल्डाइन यांनी १९६३मध्ये या ‘भूतकाळातल्या मुला’वर अख्खं पुस्तक लिहिलं. नव्वदच्या दशकात जॉन ब्रॅडशॉ यांनी हा विषय अमेरिकेत घरोघरी पोचवला आणि त्याचा थोडा तमाशाही झाला. मऊ टेडी अस्वल कुशीत घेऊन रडणारी शिबिरं पाहून कुणी नाक मुरडलं तर मी त्याला दोष देणार नाही.

गंभीर काम झालं ते वेगळ्या वाटेनं. जेफ्री यंग यांच्या स्कीमा उपचारपद्धतीत आणि नेदरलँड्सच्या आर्नाउड आर्न्ट्झ यांच्या संशोधनात कल्पनाचित्रांचा वापर शिस्तीत बसवला गेला. आर्न्ट्झ आणि वेर्टमन यांनी १९९९मध्ये मांडलेले टप्पे तीन. पहिल्यात माणूस डोळे मिटून, सैलावून, तो प्रसंग त्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो : खडूची धूळ, बाकाचा खिळा, मागच्या बाकांवरची खसखस. मात्र छडी पडेपर्यंत थांबायचं नाही. प्रसंग असह्य होण्याआधीच दुसरा टप्पा सुरू करायचा. त्यात आजचा मोठा माणूस वर्गाचं दार ढकलून आत येतो आणि त्याला योग्य वाटेल ते करतो. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा मुलाच्या जागी जायचं, आणि हा मोठा माणूस आपल्यासाठी आलाय हे मुलाच्या बाजूनं अनुभवायचं. आणखी काय हवं, ते त्यानं मागायचं.

मला सगळ्यात रस आहे तो दुसऱ्या टप्प्यात, कारण घोळ तिथेच होतो. वर्गात शिरलेला मोठा माणूस पहिली गोष्ट काय करतो? उपदेश! ‘अरे, आदल्या दिवशी नीट पाठ करायचा ना!’ इतकी वर्षं आत मुरलेले गुरुजी आता त्याच्याच तोंडून बोलतात. इथे समुपदेशक हळूच विचारतो, ‘त्याला आत्ता काय हवंय?’ उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. छडी थांबायला हवी. कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं. किंवा त्याला नुसतं मधल्या सुट्टीत मैदानावर जायचं असतं. मग मोठ्यानं तेवढंच करायचं : गुरुजींचा हात धरायचा, ‘पुरे’ म्हणायचं, पोराला बाहेर न्यायचं.

मारणारे गुरुजी नसून वडील असतील, तर आपल्या घरांमध्ये गाडी अडते. वडिलांना उलट बोलायचं, तेही कल्पनेत, याचाच धसका. त्यावर सुटका म्हणून माणूस चटकन म्हणतो, ‘त्यांनी केलं ते माझ्या भल्यासाठीच.’ असेलही. त्यांना त्यांच्या वडिलांनी याहून जास्त मारलं असेल. पण हे समजूतदारपण चुकीच्या वेळी आलं की मार खाल्लेलं पोर पुन्हा कोपऱ्यातच राहतं. वडिलांशी भांडायची सक्ती नाही. दोघांच्या मधे जाऊन उभं राहिलं तरी चालतं. क्षमेचा विचार नंतर, आणि वाटलाच तर.

यावर रास्त शंका येते : घडलं ते घडलं, मग हे खोटं चित्र रंगवण्यात काय अर्थ? घडलेलं बदलत नाही, हे करणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. बदलतो तो त्या आठवणीला चिकटलेला निष्कर्ष : ‘मी मठ्ठ आहे’, ‘माझ्या बाजूनं कुणीच नाही’. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये बालपणीच्या आघातांनी त्रस्त असलेल्या १५५ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. जास्तीत जास्त बारा सत्रांत ही पद्धत आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ‘ईएमडीआर’ पद्धत, दोन्हींनी लक्षणं बरीच कमी झाली, आणि मधेच सोडून जाणारेही थोडेच निघाले. हे काम प्रशिक्षित लोकांच्या हातचं होतं, हे मात्र विसरू नका.

आता दुसरी बाजू. सैलावलेल्या मनात चित्र फार लवकर उमटतं, आणि उमटलेलं सगळं खरं घडलेलंच असतं असं नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांना सांगितलं गेलं की लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात. तसं घडलंच नव्हतं, तरी सुमारे चौथ्या हिश्श्याला ते पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवलं’. म्हणून ‘तुमच्या लहानपणी नक्की काहीतरी भयंकर घडलंय, आपण ते शोधून काढू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. या पद्धतीत आधीपासून आठवतं त्यावरच काम करतात. विस्मृतीत उत्खनन करत नाहीत.

घरी काय करता येईल? चिमूटभर त्रासाचा प्रसंग घ्या : स्नेहसंमेलनात नाव वगळलं गेलं, सहलीला पाठवलं नाही, असा. बसून, पाय जमिनीला टेकवून, आधी मुठी-खांदे सैल करा. मग सुरक्षित वाटणारी एखादी जागा डोळ्यांसमोर आणा, आजोळची पडवी किंवा नदीचा घाट. परत यायचं ते इथेच. प्रसंगात दोन-चार मिनिटं पुरेत. नंतर डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या आणि पाणी प्या. काही जणांना अंग सैल सोडल्यावरच धडधड सुरू होते, कारण सावध राहणं हाच त्यांचा आधार असतो. त्यांनी डोळे उघडे ठेवून, नुसता श्वास पाहत सुरुवात करावी.

लैंगिक अत्याचार, सततची मारहाण, जवळच्या माणसाचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहणं, असं काही असेल तर मोबाइलवरच्या मधुर आवाजाच्या भरवशावर यात उतरू नका. तुम्ही थरथरायला लागलात हे त्या आवाजाला दिसत नाही. भास होत असतील, आपण आपल्यातच नाही असं वारंवार वाटत असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, तर हा सराव बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा; केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि समुपदेशकाकडे जाल तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा : तुम्ही हे कुठे शिकलात, आणि मला मधेच थांबायचं असेल तर कोणती खूण करायची?