फरशी पायाला विचारून घ्या

घर बांधताना बाकी सगळं पुरुष ठरवतात, फरशी मात्र 'तूच बघ' म्हणून आपल्यावर येते. बीडला घर बांधलं तेव्हा मीही दुकानं पालथी घातली आणि न्हाणीघरासाठी आरशासारख्या चकचकीत नक्षीदार टाइल्स आणल्या. महिन्याभरात सासूबाई त्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. "नक्षी छान होती गं, पण पाय ठरत नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी आधी पायाचं बघते, मग डोळ्याचं. न्हाणीघरात खरबरीत, लहान आकाराची टाइल घ्या. सांधे जास्त म्हणून पाय धरतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर लगेच उठतात. तिथं फिकट, ठिपक्यांची बरी. रंगीत नक्षीची हौस ओट्यामागच्या भिंतीवर भागवा. बैठकीत मधोमध रांगोळीसारखा चौक आणि भोवती साधी फरशी शोभते. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार फरश्याही अशाच गालिच्यासारख्या, काठ देऊन बसवत.

सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते बघा. नाहीतर रंगात फरक पडतो. तुटफुटीसाठी थोड्या जास्तच घ्या. उरलेले पांढरे तुकडे गच्चीवर बसवले, तर उन्हाळ्यात खालची खोली जरा थंड राहते.

आणि दुकानात टाइलवर पाणी ओतून अनवाणी उभ्या राहा. दुकानदार हसला तर हसू द्या. मी तेव्हा लाजले होते.