एमएफए करून वेगळं काय होतं? नळदुर्गच्या एका व्हॉइस मेसेजला उत्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोललो तसाच, जरा झाडूनपुसून.

मागच्या भागानंतर नळदुर्गहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, यंदा माझं बीएफए संपतंय. पुढं एमएफए करायचंय. पप्पा म्हणतात, चार वर्षं चित्रंच काढली ना, आता अजून दोन वर्षं काय वेगळं काढणार? आणि खरं सांगू का, मलाबी उत्तर देता येईना."

मीही नळदुर्गचाच, आणि एमएफए केलेला. त्यामुळे पहिल्यांदा हे सांगतो की पप्पांचा प्रश्न एकदम बरोबर आहे.

बीएफएच्या चार वर्षांत हात तयार होतो. स्टिल लाइफ, लाइफ ड्रॉइंग, कंपोझिशन. सर विषय देतात, आपण काढतो. एमएफएत विषय कुणी देत नाही. स्टुडिओतला एक कोपरा मिळतो, एक गाइड मिळतात, आणि दोन वर्षं तुझी. मग सेमिस्टरच्या शेवटी ज्युरी. चार-पाच शिक्षक तुझ्या कामासमोर उभे राहतात आणि विचारतात, हे कॅनव्हासवरच का? एवढंच मोठं का? "छान दिसतं म्हणून" हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय कलेच्या इतिहासाचे पेपर, बहुतेक ठिकाणी एक प्रबंध, आणि शेवटी कामाचं प्रदर्शन.

आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. किल्ल्यातला पाणीमहाल सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बोरी नदीवर धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटातच महाल केला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की सगळे मोबाइल काढतात. त्या धबधब्याचं सुंदर जलरंगचित्र तू आजही काढशील, त्याला एमएफए लागत नाही. पण खोलीत उभं राहिल्यावर पाठीमागच्या भिंतीपलीकडे अख्ख्या नदीचं पाणी दाबून उभं आहे, ही जाणीव कशी दाखवायची? पाणी न दाखवता दाखवता येईल का? रंगात जमेल, की जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून, एचिंगमध्ये? दोन वर्षं पुरून उरेल असा हा प्रश्न आहे. पप्पांना विचार, त्यांना लगेच कळेल. दुष्काळ बघितलेल्या माणसाला पाण्याचा दाब समजावून सांगावा लागत नाही.

हे हवेत बोलत नाही. लक्ष्मा गौड हे तेलंगणातल्या मेदक भागातल्या निजामपूर गावचे. हैदराबादला डिप्लोमा केला, मग १९६०च्या दशकात बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे म्युरल आणि प्रिंटमेकिंग शिकले. आणि परत आले ते गावाकडेच! तिथली माणसं, शेळ्या, झाडं त्यांच्या एचिंगमध्ये आली आणि त्यावरच ते ओळखले गेले. गाव आधीपासून होतंच, बडोद्याने त्याच्याकडे बघायची रीत दिली.

आता जायचं कुठे? मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. पोर्ट्रेट, क्रिएटिव्ह पेंटिंग, म्युरल, प्रिंटमेकिंग असे विभाग. २०२३मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तिथल्या प्रवेशाबद्दल जुन्या सिनियरचं ऐकू नको, संस्थेची वेबसाइटच बघ. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५०ची. तिथल्या चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख ना. श्री. बेंद्रे, इंदूरचे मराठी चित्रकार. आणि आपली पोरं विसरतात ते हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ. अगं, आपल्या दारातून जाणारा ६५ नंबरचा हायवे थेट तिकडेच जातो! पुण्याकडे तोंड करून बसायची आपल्याला उगीच सवय.

जी.डी. आर्ट किंवा ए.टी.डी. करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. त्या पदविका आहेत, पदवी नाही. एमएफएला बरीच विद्यापीठं बीएफए मागतात, जी.डी. आर्ट काही ठिकाणी समकक्ष धरतात, काही ठिकाणी नाही. फॉर्मचे पैसे भरण्याआधी पात्रतेची ओळ दोनदा वाचा.

पैशाचं बोलू, कारण घरात खरी अडचण तीच असते. सरकारी संस्थेत फीपेक्षा राहणं, रंग आणि कॅनव्हास जास्त खातात. त्यामुळे हॉस्टेल मिळतं का हे आधी विचार. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, तीत दृश्यकलाही येते.

आणि नोकरी? पप्पांना खोटं सांगू नको. एमएफए झालं की नोकरी ठेवलेली नसते. कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर साधारणपणे ५५ टक्क्यांनी मास्टर्स आणि वर नेट लागते. जागा कमी निघतात. बरेच जण काही वर्षं कमिशनची कामं, डिझाइन, क्लासेस यावर काढतात. मीही काढली.

शेवटचं, पोर्टफोलिओ. फोटो बघून केलेली नटनट्यांची पेन्सिल पोर्ट्रेट त्यातून काढून टाक, कितीही हुबेहूब असोत. स्केचबुक मात्र ठेव, अर्धवट पानांसकट. कामाचे फोटो सकाळी खिडकीजवळ, सावलीत काढ. फ्लॅश बंद, मोबाइल चित्राला समांतर, फिल्टर अजिबात नको. फाइलच्या नावात चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष घाल. आणि पाठवण्याआधी मला पाठव, मी बघतो.