ह्यूस्टनचा उन्हाळा, विजेचे बिल आणि घरातली वडीलधारी मंडळी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझी आई आमच्याकडे आली होती. वय ७८, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. एक दिवस साडेपाचला ऑफिसातून घरी आलो तर घरात ८९ अंश आणि आई सोफ्यावर डोके धरून बसलेली. एसी तिनेच बंद केला होता.

"अरे, पंखा आहे की. माझ्या एकटीसाठी एवढं सगळं घर कशाला थंड करायचं? तूच म्हणालास ना, बिल फार आलंय म्हणून."

म्हणालो होतो खरे, आदल्या रात्री जेवताना, तिच्यासमोरच. ओल्या फडक्याने अंग पुसले, पाणी पाजले, डॉक्टरांना फोन केला. तासाभरात तिला बरे वाटले. रात्री मी हिशेब मांडला. आमचा एसी चार टनांचा, म्हणजे साधारण ४ किलोवॉटचा. तो आठ तास सलग चालला असता तरी ३२ युनिट, १५ सेंट दराने पाच डॉलरही होत नाहीत. तेवढ्यासाठी इमर्जन्सी रूमची पाळी आली असती. आणि व्हिजिटर्स इन्शुरन्समध्ये जुन्या आजारांना बहुधा संरक्षण नसते, किंवा असले तरी फार मर्यादित असते, हे आपल्याला माहीत आहेच.

त्याच आठवड्यांत टेक्सासच्या ग्रिडवरही असाच ताण होता. १० ऑगस्ट २०२३ रोजी मागणी ८५,५०८ मेगावॉटवर गेली, तो त्या वर्षीचा उच्चांक. पण खरी कसोटीची वेळ आली ती महिन्याभराने, ६ सप्टेंबरला, आणि तीही भर दुपारी नव्हे, तर संध्याकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी. त्या वेळी ग्रिड सांभाळणाऱ्या एर्कॉट या संस्थेने दुसऱ्या पातळीची आणीबाणी जाहीर केली.

सातलाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. दुपारी ऊन कडक असते तसे सौरपॅनेलही जोरात चालतात. आता टेक्सासमध्ये उन्हाळ्यातल्या दुपारी २० हजार मेगावॉटच्या वर वीज नुसत्या उन्हातून मिळते. सूर्य कलला की ती तासा-दोन तासांत शून्यावर येते. एसी मात्र थांबत नाही, कारण भिंती आणि छप्पर दिवसभर तापलेले असते. त्यातच सगळे घरी येतात, थर्मोस्टॅट खाली ओढतात, शेगडी, वॉशिंग मशीन, काहींची विजेची गाडी, सगळे एकदम सुरू होते. गरम हवेत गॅस टर्बाइनची क्षमता घटते, तारा तापून लोंबतात आणि त्यांतून कमी वीज नेता येते. त्या दिवशी वाराही मंद होता. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी राहावा लागतो. तो बिघडला की ६० हर्ट्झची वारंवारिता घसरू लागते, आणि फार घसरली तर जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी सुटी होतात. त्या संध्याकाळी बॅटऱ्यांनी हात दिला, मागणी कमी झाली आणि घरांची वीज न तोडता तासाभरात निभावले. आपल्याकडे कोयनेचे पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखून ठेवतात ना, त्याच कामाला इथे बॅटऱ्या आहेत, आणि त्या झपाट्याने वाढत आहेत.

शेजाऱ्यांकडून वीज का घेत नाहीत, असे कोणीतरी विचारतेच. टेक्सासने केंद्र सरकारचे नियंत्रण टाळण्यासाठी आपले ग्रिड वेगळे ठेवले आहे. बाहेरून येणारे जोड अगदी थोडे, सगळे मिळून साधारण १,२०० मेगावॉटचे. भारतात याच्या उलट झाले. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचे ग्रिड जोडले गेले आणि सारा देश एका ग्रिडवर आला. कोणते बरे, यावर कितीही वाद घालता येईल. मला विचाराल तर जोडलेले बरे.

मात्र आपली वीज जाते ती बहुतेक वेळा ग्रिडमुळे नव्हे. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळात ह्यूस्टन परिसरातल्या २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तेव्हा राज्यात विजेची कमतरता नव्हती. खांब आणि तारा पडल्या होत्या. कमतरता असेल तर कपात फिरती ठेवायचा प्रयत्न असतो, आपल्या लोडशेडिंगसारखी. तारा पडल्या तर ती कित्येक दिवसांची गोष्ट होते. बेरिलनंतर माणसे दगावली ती वाऱ्याने आणि पुराने, तशीच घरातल्या उष्म्याने, आणि जनरेटरच्या धुरानेही. जनरेटर घरापासून निदान २० फूट दूर हवा. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी गॅरेजमध्ये चालवू नये.

वीज गेली की म्हाताऱ्या माणसांना पंख्यावर सोडून चालत नाही. तापमान नव्वदच्या बरेच वर गेले की पंखा (बॅटरीवरचा असला तरी) अंगावर गरम हवाच फेकतो. शिवाय वयाबरोबर तहान कमी लागते आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी घटते. त्या गोळ्या परस्पर बंद करू नका, पण उन्हाळ्यात किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बोलणे असंबद्ध झाले, माणूस गोंधळला, की ९११. मित्राच्या घरी वीज असेल तर संकोच न करता आईवडिलांना तिथे पोचवा. फ्रिज बंद ठेवला तर चार तास टिकतो, पुढे वरणभाताचा मोह सोडावा.

आता बिलाकडे. (ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत कंपनी निवडता येत नाही, तिथल्या मंडळींनी हा परिच्छेद सोडावा.) जाहिरातीतला दर बहुधा बरोबर १,००० युनिटचा असतो. उदाहरणार्थ दर १५ सेंट, आणि १,००० युनिट गाठले की ५० डॉलर सूट. मग १,००० ला दर पडतो १० सेंट. ९९० युनिट वापरलेत तर पंधरा. २,००० वापरलेत तर साडेबारा. चार बेडरूमच्या घराला जुलैत दोन हजारांच्या वर युनिट सहज लागतात, म्हणून फॅक्ट्स लेबलवरचा २,००० चा रकाना आधी वाचावा आणि मग जाहिरात. करार संपून विसरलात तर महिन्यागणिक बदलणारा, बहुधा महाग दर लागतो. शेवटच्या १४ दिवसांत दंड न भरता कंपनी बदलता येते. मी स्वतः करार वसंतात संपेल असा घेतो. भर उन्हाळ्यात नवा दर शोधायची वेळ येऊ नये.

घरात ऑक्सिजन किंवा तसले यंत्र असेल, किंवा उष्म्याने आजार बळावणार असेल, तर क्रिटिकल केअर आणि क्रॉनिक कंडिशनचा अर्ज असतो. तो डॉक्टरांना भरावा लागतो. त्यामुळे वीज जाणारच नाही असे नाही, पण बिल थकले तरी सूचना न देता वीज तोडता येत नाही. हीट ॲडव्हायझरी लागू असताना तर कोणाचीच तोडता येत नाही.

आमच्याकडे आता दुपारी दोन ते पाच थर्मोस्टॅट ७४ वर असतो आणि सात ते नऊ ७८ वर. घर आधीच थंड असल्याने जाणवत नाही. ७८ च्या वर तो जाऊ नये म्हणून कुलूपही लावले आहे. आई पुन्हा येते आहे. बिल मात्र मी आता तिच्यासमोर उघडत नाही.