हातोडा पडण्याआधी

दक्षिण मुंबईतला एखादा जुना बंगला विक्रीला निघाला की बातमीत सगळ्यात आधी दिसतो तो कोटींचा आकडा. 2012 मध्ये अल्टामाउंट रोडवरचं माहेश्वरी हाउस सुमारे 400 कोटींना विकलं गेलं. 2014 मध्ये मलबार हिलवरचं मेहरांगीर 372 कोटींना गेलं. 2015 च्या सप्टेंबरात त्याच टेकडीवरचं जाटिया हाउस कुमारमंगलम बिर्ला यांनी 425 कोटींना घेतलं आणि काही दिवसांतच ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसचा सौदा 750 कोटींना ठरल्याचं जाहीर झालं. चौकटीत बंगल्याचा फोटो येतो, समुद्राचा देखावा आणि गर्द झाडी यांचं वर्णन येतं. या कोटींमध्ये प्रत्यक्ष घराची किंमत किती, हे मात्र कुणी सांगत नाही. ती बहुतेक वेळा शून्याच्या जवळपास असते.

याचं कारण चटईक्षेत्राच्या हिशोबात आहे. मुंबई शहरात मूळ एफएसआय 1.33 आहे. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 1,330 चौरस मीटर बांधकाम करता येतं, आणि त्यावर अधिमूल्य भरून किंवा विकास हक्क विकत घेऊन आणखी मजले चढवता येतात. जुन्या बंगल्यानं यातला बराच हिस्सा वापरलेलाच नसतो. पुढे पोर्च, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्या आणि भोवती बाग, अशी त्याची ठेवण. खरेदीदार पैसे मोजतो ते न बांधलेल्या मजल्यांचे. उभं घर त्याच्या हिशोबात पाडण्याच्या खर्चाच्या रकान्यात जातं.

झाडांचंही तेच होतं. मलबार हिल किंवा गावदेवी आजही हिरवी दिसते, त्यात महापालिकेच्या रस्त्याकडेच्या झाडांइतकाच बंगल्यांच्या आवारांचा वाटा आहे. या झाडांची मुळं खोल मातीत असतात. टॉवर आला की गाड्यांसाठी तळघर खणावं लागतं आणि ते बहुतेक प्लॉटभर पसरतं. नंतर त्या स्लॅबवर माती टाकून बाग करतात. तिच्यात हिरवळ वाढते, शोभेची झुडपं वाढतात, पण जुन्या आंब्याएवढं झाड तिथं उभं राहू शकत नाही. बंगले जात राहिले की ज्या झाडीची जाहिरात करून ते विकले जातात, ती झाडीही त्यांच्याबरोबर जाते.

मेहरांगीर हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं घर. आई मेहेरबाई आणि वडील जहांगीर या दोन नावांतून घराचं नाव तयार झालं. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात होमी भाभा गेले. घर त्यांचे भाऊ जमशेद यांच्याकडे राहिलं. जमशेद भाभा एनसीपीए या कलासंस्थेचे संस्थापक. 2007 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा ते आपली मालमत्ता याच संस्थेला देऊन गेले. संस्थेनं 2014 च्या जूनमध्ये बंगला लिलावात काढला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी तो थांबवण्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. या घराचं संग्रहालय व्हावं, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयानं लिलाव थांबवला नाही. बोली 372 कोटींवर थांबली, गोदरेज कुटुंबातल्या एका सदस्यानं घर घेतलं आणि 2016 मध्ये ते पाडलं गेलं.

मला आजही या गोष्टीचं दुःख होतं. पण संस्थेला किंवा खरेदीदाराला दोष देऊन आपण मोकळे झालो, तर यातून काहीच शिकणार नाही. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त हाती आलेली मालमत्ता स्वस्तात देऊ शकत नाहीत. जास्तीत जास्त किंमत मिळवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. जमशेद भाभांनी आयुष्य कलांसाठी वेचलं होतं आणि ही रक्कमही कलांसाठीच येणार होती. खरेदीदारानं कुठलाही कायदा मोडला नाही, कारण मोडण्यासारखा कायदाच नव्हता. मेहरांगीर मुंबईच्या हेरिटेज यादीत नव्हतं. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. विसाव्या शतकातली बहुतेक महत्त्वाची घरं त्यामुळे आपोआप बाहेर राहतात. लिलावाच्या आठवड्यात याचिका दाखल झाली तेव्हा फार उशीर झाला होता. घर वाचवायचं तर त्याच्या कितीतरी वर्षं आधी, मालक हयात असताना आणि किमतीचा प्रश्नच नसताना काहीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

मुंबईकडे त्यासाठीचं साधन 1995 पासून आहे. त्या वर्षी हेरिटेज नियमावली लागू झाली. एखाद्या शहरातल्या इमारतींची यादी करून त्यांना असं संरक्षण देणारी ती देशातली पहिली नियमावली. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीला मजबुतीकरणापलीकडे जवळजवळ हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर शक्य असतो. तिसऱ्या श्रेणीत मुभा सर्वांत जास्त असते. या नियमावलीतला शहाणपणाचा भाग मात्र सहसा चर्चेत येत नाही. यादीत आल्यामुळे मालकाचं जे बांधकाम बुडतं, त्याच्या बदल्यात त्याला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळू शकतो. तो दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतो. घर जागेवर राहतं आणि त्याच्या डोक्यावरचे न बांधलेले मजले दुसऱ्या प्लॉटवर जातात.

हे कागदावर सरळ दिसतं. प्रत्यक्षात मालकाला हेरिटेजचं पत्र म्हणजे संकट वाटतं. 2012 मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दादर-शिवाजी पार्क भागातल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. पुनर्विकास अडेल, जिने कोसळत राहतील आणि दुरुस्तीसाठी परवानग्या मागत फिरावं लागेल, ही त्यांची भीती होती. ती खोटी नव्हती. निर्बंधाचं पत्र आधी येतं आणि मोबदला कधी, किती मिळेल ते मालकानं शोधत बसायचं, असं असेल तर कोणताही शहाणा माणूस विरोधच करेल.

यादीत असलेल्या बंगल्याचीही गोष्ट सोपी नसते. भुलाभाई देसाई रोडवरचं लिंकन हाउस हे मूळचं वांकानेर हाउस. वांकानेरच्या महाराजांसाठी 1933 मध्ये क्लॉड बॅटली यांनी ते बांधलं. मुंबई सेंट्रल स्टेशनही याच बॅटलींचं, आणि माउंट प्लेझंट रोडवरचं 1936 चं जीना हाउसही. 1957 साली अमेरिकेनं वांकानेर हाउस 999 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतलं आणि तिथं आपली वकिलात थाटली. 2011 मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि बंगला विक्रीला आला. पुण्याच्या सायरस पूनावाला यांनी 2015 मध्ये 750 कोटींचा सौदा केला, राहण्यासाठी म्हणून. बंगला तिसऱ्या श्रेणीत आहे, म्हणजे पाडापाडीची टांगती तलवार तुलनेनं दूर. पण जमीन मुळात कुणाची आणि हस्तांतराला कुणाकुणाची परवानगी लागते, यावर सरकारी खात्यांनी प्रश्न काढले आणि वर्षानुवर्षं ताबाच मिळाला नाही. या काळात तिथं ना जुना राहणारा होता ना नवा. कुणी राहत नसलेल्या घराचं मुंबईच्या हवेत काय होतं, ते इथल्या कोणत्याही गवंड्याला विचारा.

समुद्रावरून येणारा खारा वारा आणि दरवर्षी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस यांच्याशी इथल्या घराची रोजची गाठ असते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आणि चुन्यानंच गिलावा केलेल्या असतात. चुना पाणी शोषतो आणि ऊन पडलं की सोडतो. पावसाळ्यात ओली झालेली भिंत दिवाळीपर्यंत सुकून जाते. अशा भिंतीवर कुणी ‘पक्कं काम’ म्हणून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. मग क्षार बाहेर येतात, पोपडे धरतात, वीट भुसभुशीत होते. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं पाणी साठतं आणि वाळवीला तेच हवं असतं. गच्ची गळली की जुना थर न काढता त्यावर नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, ही आपली सवय. काही दशकांत गच्चीवर इतकं वजन चढतं की खालचे वासेच वाकतात. 1930 नंतरच्या काँक्रीटच्या बंगल्यांचं दुखणं वेगळं. आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते.

म्हणून जाहिरातीत ‘जीर्णोद्धार केलेला ऐतिहासिक बंगला’ असे शब्द वाचले, तर झुंबरं आणि चकचकीत फरशी पाहून भुलू नये. गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटवर रंग फासलाय? कुजलेल्या तुळईचा तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा सांधा दिलाय, की सगळी काढून लोखंडी गर्डर घातलाय? पावसाळी पाण्याच्या पन्हळी वाहत्या आहेत का? चांगलं जतनाचं काम बऱ्याचदा डोळ्यांत भरतच नाही. चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात आणि तो हाताला कळणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला 2005 मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अशा कामांवर कारागीर घडतात. ती मोजकीच निघाली की हातही मोजकेच राहतात.

एवढं करूनही पुढच्या पावसाळ्यात खर्च परत येतोच. तो कोण करणार, हे घराचा वापर काय यावर ठरतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था 1945 च्या अखेरीस मुंबईत आली ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’मध्ये, होमी भाभांच्या नातेवाइकांच्या बंगल्यात. काही वर्षं संशोधन तिथल्याच खोल्यांतून चाललं. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचं मणिभवन हे रेवाशंकर झवेरी यांचं घर. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथं असे. गांधी स्मारक निधीनं 1955 मध्ये ते घेतलं, म्हणून आज शाळेची मुलं त्या माडीवर जाऊ शकतात. त्याउलट जीना हाउस. 1944 च्या सप्टेंबरात गांधी-जीना वाटाघाटी जिथं झाल्या, ते घर सरकारच्या ताब्यात असूनही त्याचं काय करायचं हे ठरवण्यात कित्येक दशकं गेली.

वापराचा प्रश्न किती बारीक असतो, ते महाराष्ट्र सरकारनं लंडनमध्ये अनुभवलं. प्रिमरोझ हिलच्या झाडीभरल्या वस्तीतल्या किंग हेन्रीज रोडवर 10 क्रमांकाचं घर आहे. विद्यार्थी असताना 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहिले. ते विक्रीला निघाल्याची वार्ता तिथल्या आंबेडकरी संघटनांनी सरकारपर्यंत पोचवली, 2015 मध्ये सरकारनं सुमारे 31 लाख पौंडांना घर घेतलं आणि दुरुस्त करून स्मारक केलं. पण कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेनं 2018 मध्ये संग्रहालयासाठी परवानगी नाकारली. राहण्याचं एक घर कमी होतं, हा तिचा मुद्दा होता. रीतसर चौकशी होऊन 2020 च्या मार्चमध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. तिथल्या परिषदेनं राहत्या घराची बाजू एवढ्या नेटानं धरली, याचा मला राग येत नाही. मेहरांगीरच्या बाजूनं असं एखादं स्थानिक मंडळ उभं राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

विक्रीच होऊ नये, असं माझं म्हणणं नाही. घरं विकली जाणार, वारस पांगणार, न्यासांना पैसा लागणार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरानं यावर एक उपाय शोधला आहे. 1954 मध्ये तिथला जुना बाजार पाडून वाहनतळ केला गेला. त्या रागातून पुढच्या वर्षी सात बायकांनी हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं केलं. संस्था धोक्यातलं घर विकत घेते आणि ते जपण्याची अट खरेदीखतात घालून पुन्हा विकते. अट पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक असते. विक्रीतून आलेला पैसा पुढच्या घराला लागतो. चारशेहून अधिक इमारती या रीतीनं वाचल्या. ओकच्या झाडांनी वेढलेल्या तिथल्या चौकांमध्ये आजही जुने वाडे विक्रीला निघतात, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय आणि काय करता येणार नाही हे आधीच ठाऊक असतं.

अटीमुळे किंमत काही कमी येते, हे खरं. पण जो मालक मृत्युपत्र करतोय, जो न्यास देणगी स्वीकारतोय, त्याला तो निर्णय घेता यायला हवा, आणि त्यासाठी सरळ कागदी वाट हवी. हेरिटेजच्या पत्रासोबत टीडीआरचा पक्का हिशोब जोडावा. दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत त्याच पत्रात छापावी. चुन्याचं काम जाणणाऱ्या अभियंत्यांची यादी महापालिकेनं वॉर्ड कार्यालयात लावावी. विसाव्या शतकातल्या घरांची पाहणी नव्यानं करावी आणि ती रहिवाशांशी बोलून करावी, म्हणजे शिवाजी पार्कचा वाद पुन्हा होणार नाही. मुंबईत, पुण्यात, नाशिकात अशा कितीतरी बंगल्यांचे मालक आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुलं परदेशी आहेत आणि दलाल आठवड्याला फोन करतात. त्यांच्याशी हे बोलणं याच वर्षी व्हायला हवं.