द्वीपके टिकवायची कशी?

द्राक्षे पहाटे का काढतात, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. घड वेलीवरून उतरला तरी तो जिवंत असतो, श्वास घेत असतो. ऊन लागले की साठवलेली साखर जाळत भराभर सुकतो. म्हणून काही तासांत प्रीकूलिंग आणि मग शून्य अंशाजवळची शीतखोली. पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहात मी बावीस वर्षे हिशेब लिहिले. माझे विज्ञान तिथले आणि वाचून मिळवलेले. भाच्याला अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला, तेव्हापासून हे वाचन एकाच अवयवाभोवती फिरत राहिले : स्वादुपिंड. शरीराबाहेर काढल्यावर ते टिकवणे हे द्राक्षापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

१८६९ साली बर्लिनमध्ये पाऊल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. ते कशासाठी असतात, हे त्याला सांगता आले नाही. आज आपण त्यांना लांगरहान्सची द्वीपके म्हणतो. इन्शुलिन तिथेच तयार होते. एका स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात, पण सगळी मिळून अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. उरलेला बहुतेक भाग पाचक रस बनवतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. रक्तपुरवठा थांबला, पेशी फुटू लागल्या, की तेच रस स्वादुपिंडाला पचवायला लागतात. मूत्रपिंड बर्फात दिवसभराहून अधिक काळ थांबू शकते. द्वीपके काढायची असतील तर स्वादुपिंड शक्यतो आठ ते बारा तासांत प्रयोगशाळेत पोहोचलेले बरे.

द्वीपके काढून ती रोग्याला देता येतात, हे जगाला पटले ते २००० साली. कॅनडातील एडमंटन इथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी सात रोग्यांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत द्वीपके सोडली आणि सातही जणांचे इन्शुलिन सुटले. पण एका रोग्याला साधारणपणे दोन दात्यांची स्वादुपिंडे लागत होती. पाच वर्षांनंतर इन्शुलिनविना राहणारे दहातले एकच उरले. तरीही बहुतेकांचे शरीर थोडेफार इन्शुलिन बनवत होते. या आकड्यांकडे अपयश म्हणून पाहणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. भाच्याची साखर झोपेत उतरते आणि त्याला कळत नाही. बहीण रात्री तीनला गजर लावून उठते. अशा माणसाला थोडे इन्शुलिनही फार असते. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात, म्हणून हा उपचार अशा मोजक्याच टाइप १ रोग्यांसाठी आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टाइप २ साठी नव्हे.

अवयव थंड ठेवण्याच्या द्रवात मोठी सुधारणा १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फोल्कर्ट बेल्झर यांनी केली. १९८८ मध्ये जपानमधल्या कोबे इथे योशिकाझू कुरोडा यांनी त्यात भर घातली : खाली प्राणवायू भरपूर धरून ठेवणारा परफ्लुओरोकार्बन, वर अवयव थंड ठेवण्याचा द्रव आणि मधोमध तरंगणारे स्वादुपिंड. कल्पना देखणी, पण माणसाच्या जाड स्वादुपिंडात प्राणवायू जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. पुढच्या तुलनांत म्हणावा तसा फायदा दिसला नाही.

मग द्वीपके काढून गोठवूनच ठेवली तर? द्राक्ष फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढा; लगदा होतो, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. उरुळीकांचनच्या बाएफमुळे द्रव नायट्रोजनचे कॅन आपल्या गोठ्यांपर्यंत आले, वळूचे रेत उणे १९६ अंशांत टिकते हे शेतकऱ्याला माहीत आहे. पण शुक्राणू ही सुटी पेशी. द्वीपक म्हणजे हजारभर पेशींचा गोळा. बर्फ रोखणारे द्रव्य गाभ्यापर्यंत पोहोचेस्तोवर बाहेरच्या पेशींना त्याचेच विष चढते.

या प्रश्नावर पुण्यात काम झाले आहे, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे यांच्या गटाने गोठवण्याआधी द्वीपकांना तयार करण्याचे मार्ग शोधले. आनंदवर्धन हर्डीकर, मकरंद रिसबूड यांच्यासह २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात टॉरिन हे द्रव्य आधी दिल्यास वितळल्यावर अधिक द्वीपके हाती लागतात, असे दिसले. २००८ मध्ये मेघना कानिटकर आणि भोंडे यांनी हळदीतले कर्क्युमिन वापरले. त्याने पेशी आपली संरक्षक प्रथिने आधीच बनवू लागतात आणि गोठण्याचा आघात सोसतात. (यावरून हळदीचे दूध पिऊन मधुमेह जातो असे कोणी सांगू लागेल; हे प्रयोग प्राण्यांच्या, शरीराबाहेर काढलेल्या द्वीपकांवरचे आहेत.)

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एरिक फिंगर आणि जॉन बिशॉफ यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने वाट काढली. द्वीपके नायलॉनच्या बारीक जाळीवर पसरायची, जास्तीचा द्रव टिपून घ्यायचा आणि जाळी थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची. गोठणे इतके झटपट होते की पाण्याला स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. ते काचेसारखे थिजते. वितळवणे तर त्याहूनही जलद व्हावे लागते, नाहीतर स्फटिक परतीच्या वाटेवर बनतात. नऊ महिन्यांपर्यंत ठेवलेली द्वीपकेही तगली. मानवी द्वीपकांतली जगण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होते. उंदरांची गोठवलेली द्वीपके मिळालेल्या बहुतेक मधुमेही उंदरांची साखर ताळ्यावर आली.

माणसांत हे जमले, तर दोन दात्यांची द्वीपके साठवून ठेवता येतील. आज एकाची, चार महिन्यांनी दुसऱ्याची, तपासून, जुळवून, एकत्र देता येतील. रोग्यालाही मध्यरात्रीच्या फोनवर धावत जावे लागणार नाही. पण द्वीपके वेगळी करणे हे विशेष प्रयोगशाळेचे काम आहे आणि तिथवर स्वादुपिंड बर्फातूनच जाणार. नाशिकहून पुणे २१० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा रस्ता. वाहतूक मोकळी मिळाली तरी चार तास. हातातल्या आठांतले निम्मे घाटात आणि टोलनाक्यांवरच जातात.