लूदाँची झान ते सिस्टर आयरीन

फ्रान्समधल्या लूदाँ गावात उर्सुलाइन नन्सचा एक मठ होता. १६३२ साली तिथे रात्री-अपरात्री सावल्या दिसू लागल्या, आवाज ऐकू येऊ लागले. थोड्याच दिवसांत मठाची प्रमुख झान दे झांज आणि तिच्याबरोबरच्या अनेकींच्या अंगात सैतान शिरल्याचं जाहीर झालं. नन आणि सैतानाची पडद्यावरची झुंज पाहिली की मला हे गाव आठवतं.

सैतान उतरवण्याचे विधी लोकांसमोर चालत आणि ते बघायला दुरून माणसं येत. झानच्या शरीरात कुठला सैतान कुठे ठाण मांडून बसलाय, कपाळात की बरगडीखाली, याचीही नोंद झाली. या सैतानांच्या तोंडी नाव आलं ते उर्बँ ग्रांदिए या पाद्र्याचं. तो देखणा होता, बायकांच्या प्रकरणांमुळे बदनाम होता आणि कार्डिनल रिशल्यूच्या डोळ्यांत खुपत होता. १८ ऑगस्ट १६३४ रोजी त्याला जिवंत जाळलं.

त्याआधी एकदा झान भर पावसात मठाच्या अंगणात येऊन उभी राहिली. अंगावर नुसता आतला झगा, गळ्यात दोर, हातात मेणबत्ती. एका निरपराध माणसावर आपण खोटा आळ घेतला, असं ती सांगत होती. हेही सैतानच वदवून घेतोय, असा निर्वाळा मिळाला. तिने आरोप केला तेव्हा तो पुरावा ठरला आणि मागे घेतला तेव्हा सैतानाची चाल. या प्रकरणातलं खरं भय मला इथे दिसतं. बाईच्या तोंडचा एकही शब्द तिचा स्वतःचा उरला नव्हता.

ग्रांदिए गेला तरी सैतान गेले नाहीत. मग झाँ-जोसेफ सुरँ हा जेझुइट आला. गर्दीसमोर मंत्र ओरडण्यापेक्षा तो तिच्याशी शांतपणे बोलत बसे. तिची पीडा माझ्यावर येऊ दे, अशी प्रार्थना त्याने केली आणि पुढची जवळपास वीस वर्षं स्वतःच भ्रमिष्टावस्थेत काढली. झान मात्र बरी झाली. हातावर उमटलेली पवित्र नावं दाखवत ती १६३८ साली फ्रान्सभर फिरली, खुद्द राजाराणीपर्यंत पोचली. तिने आत्मचरित्रही लिहिलं. ते १८८६ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं, शार्कोसारख्या बड्या डॉक्टरच्या प्रस्तावनेसह, हिस्टेरियाचा नमुना म्हणून! सैतानाच्या जागी आजार आला, एवढाच काय तो फरक.

विसाव्या शतकात कलावंतांनी हा विषय हाती घेतला. ऑल्डस हक्स्लीचं पुस्तक १९५२ मध्ये आलं, पेंदेरेत्स्कीचा ऑपेरा १९६९ मध्ये, आणि १९७१ च्या केन रसेलच्या चित्रपटावर सेन्सॉरने कात्री चालवली. या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो येझी कावालेरोविच यांचा १९६१ चा पोलिश कृष्णधवल चित्रपट, 'मदर जोन ऑफ द एंजल्स'. त्याला कान चित्रपट महोत्सवात ज्यूरींचं विशेष पारितोषिक मिळालं. लुत्सिना विनित्स्का यांची जोन एका क्षणी नम्र, तर दुसऱ्या क्षणी हिंस्र होते, तेही मेकअपच्या करामतीशिवाय. सैतान म्हणजे नेमकं काय, हे विचारायला तिचा सैतान उतरवायला आलेला पाद्री ज्यू रब्बीकडे जातो, आणि दोघांच्याही भूमिकेत एकच नट! माणूस स्वतःच्याच चेहऱ्याला प्रश्न विचारतोय, हे बघताना अंगावर काटा येतो.

पुढे २०१६ च्या 'द कॉन्ज्युरिंग २' मध्ये वलाक या सैतानानेच ननचा वेश घेतला. त्यातून निघालेल्या २०१८ च्या 'द नन'ने सुमारे सव्वादोन कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात छत्तीस कोटींहून अधिक कमावले. अंधारातून अचानक अंगावर येणारे चेहरे त्यात नको इतके आहेत. पण यातली सिस्टर आयरीन झपाटलेली नाही. रोमानियातल्या मठात सैतानासमोर जाण्याआधी ती अखेरची व्रतं घेते आणि ख्रिस्ताचं रक्त तोंडात धरून वलाकच्या चेहऱ्यावर थुंकते.

दुसरा भाग २०२३ चा. भयपट म्हणून मला तो फिका वाटला, पण त्याच्या शेवटासाठी मी तो पुन्हा पाहीन. पहिल्या भागात आयरीनसोबत असलेला पाद्री आता हयात नाही. समोर वलाक आणि भोवती द्राक्षमद्याची पिंपं. आयरीन आणि तिची सोबतीण डेब्रा मिळून प्रार्थना म्हणतात आणि त्या मद्याचं ख्रिस्ताचं रक्त होतं. कॅथलिक चर्चमध्ये हा अधिकार फक्त पाद्र्याचा. इथे दोन नन्स तो वापरतात आणि सैतान त्याच रक्तात नष्ट होतो.